दहावीच्या वर्षी पखवाज बंद करावा का?

पत्र

ताई, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहतो. मुलगा यंदा दहावीत आहे. नववीत गणितात ५२ गुण पडले, बाकीचे विषय बरे आहेत. पाचवीत असल्यापासून तो देवळातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम, श्रावणात सप्ताह, मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. याशिवाय आम्ही त्याला कीबोर्ड, बुद्धिबळ आणि इंग्रजी संभाषणाचे क्लास लावले आहेत, कारण आजकाल जिथेतिथे सर्टिफिकेट विचारतात. गणित-विज्ञानाची ट्यूशन वाळपईला, आठवड्यात चार दिवस. एप्रिलात वर्ग सुरू झाले तेव्हा ह्यांनी सांगून टाकलं की परीक्षा होईपर्यंत पखवाज बंद, त्याचा पुढे काही उपयोग नाही. बाकीचे क्लास फी भरलेली आहे म्हणून चालू आहेत. तेव्हापासून मुलगा जेवणापुरता खोलीबाहेर येतो. बोलत नाही. हातात मोबाईल असतो, अभ्यास करतो की नाही कळत नाही. असल्या छंदांचा मुलांना खरंच काही फायदा होतो का, की आपण उगाच मनाची समजूत घालतो? धाकटी सहावीत आहे, तिला घुमट, ते मातीचं तालवाद्य, शिकायचंय. सासूबाई म्हणतात, ते मुलींचं काम नव्हे. तिलाही आताच आवर घालावा का?
— एक आई, सत्तरी

उत्तर

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. पखवाज चालू राहू दे. कीबोर्ड, बुद्धिबळ आणि इंग्रजी संभाषण हे तिन्ही क्लास या महिन्याअखेर बंद करा. फी बुडाली तर बुडू दे. धाकटीला घुमट शिकू द्या.

आता तुमच्या यजमानांची बाजू. ती उडवून लावण्यासारखी नाही. मुलाला पुढे विज्ञान शाखेला जायचं असेल तर गणितातले ५२ ही काळजीचीच गोष्ट आहे, आणि बापाला ती काळजी वाटली म्हणून त्याला कोणी बोल लावू नये. पण घाबरलेला माणूस हाताशी येईल ते बंद करतो. पखवाज हाताशी आला कारण त्याला फी नाही, पावती नाही, वर्षाअखेरीला फ्रेम करून भिंतीवर लावायला कागद नाही. देवळात फुकट मिळणारी गोष्ट म्हणजे वेळ घालवायचं साधन, आणि महिन्याला पैसे मोजून मिळते ती म्हणजे शिक्षण, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय. तुमच्या घरात बंद झालं ते मुलाचं आवडतं काम, आणि चालू राहिले ते तुम्ही निवडलेले क्लास. मला वाटतं, तो गप्प झालाय त्यामागे हेही आहे.

कागद-पेन घेऊन एकदा आठवड्याचा हिशेब मांडा. आठवड्याचे तास १६८. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, झोपेचे डॉक्टर हेच सांगतात. नऊ धरले तर ६३ तास गेले. शाळा, येण्याजाण्यासकट, ४० धरू. आंघोळ, जेवण, घरातली बारीकसारीक कामं, दुपारचं लवंडणं, रोज तीन तासांप्रमाणे २१. उरले ४४. वाळपईची ट्यूशन, बसची वाट पाहण्यासकट, दहा तास खाते. तुम्ही लावलेले तीन क्लास, त्यांचं येणंजाणं धरून, आणखी दहा. पखवाजाच्या दोन तालमी, चार तास. स्वतःच्या अभ्यासाला, खेळायला आणि नुसतं बसायला उरले वीस. तास मी अंदाजाने धरलेत, तुम्ही तुमच्या घड्याळाने करून पाहा, थोडा इकडेतिकडे होईल. पण पखवाज बंद केला तर हाताला चार तास लागतात आणि बाकीचे क्लास बंद केले तर दहा, ही गोष्ट काही बदलणार नाही. हा कागद यजमानांसमोर ठेवा. ते आकड्यांचा विचार करणारे दिसतात, त्यांना तो पटेल.

तुमचा खरा प्रश्न मात्र हा की या सगळ्याचा काही फायदा होतो का. याची खोटी उत्तरंच जास्त मिळतात. क्लासच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की संगीत शिकलं की मेंदू तल्लख होतो, गणित सुधारतं. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा हवाला यासाठी वारंवार दिला जातो. सहा वर्षांची १४४ मुलं घेतली होती. काहींना वर्षभर कीबोर्ड शिकवला, काहींना गाणं, काहींना नाटक, आणि काहींना त्या वर्षी काहीच नाही. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढला हे खरं, पण तो फरक अगदी थोडा होता, दोन-तीन अंकांचा. पुढे इतर संशोधकांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो थोडासा फरकही डळमळीत निघाला. तेव्हा गणिताचे गुण वाढावेत म्हणून पखवाज वाजवायचा असेल तर वाजवू नये. गणितासाठी गणितच करावं लागतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जाहिरातीत कोणी छापत नाही. नाटक शिकलेल्या मुलांचं इतरांशी वागणं वर्षभरात चांगलंच सुधारलं, संगीताच्या मुलांमध्ये तसं काही दिसलं नाही. नाटकात समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, आपल्या जागी वेळेवर यावं लागतं, दुसऱ्याचं चुकलं तर सावरून घ्यावं लागतं. फायदा व्हायचा तो मला या जागी दिसतो. मूल इतरांबरोबर मिळून काहीतरी उभं करतं आणि त्याच्यावाचून ते अडतं, तेव्हा ते घडतं. एकट्याने खोलीत बसून कीबोर्डवर परीक्षेची धून पाठ करण्यात हे फारसं नाही. भजनी मंडळात ते काठोकाठ आहे.

तालमीला तुमचा मुलगा नेमकं काय करतो हे तुम्ही बायकांच्या बाजूला बसून नेहमी पाहिलं असेल, तरी एकदा माझ्याबरोबर पाहा. तो सगळ्यांच्या आधी येतो, यावंच लागतं. मूठभर कणीक मळतो आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापतो. ती सैल झाली तर हाताला चिकटते, घट्ट झाली तर ऐन गजरात सुटून पडते. कमी लावली तर आवाजाला खर्ज येत नाही. हे माप कोणत्या पुस्तकात नाही, ते त्याच्या बोटांना ठाऊक झालंय. मग उजवी बाजू पेटीच्या स्वराला मिळवायची. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, आवाज उतरतो, म्हणून हातोडीने गट्टे, म्हणजे वादीत अडकवलेले लाकडी ठोकळे, ठोकत, थाप मारून ऐकत, परत ठोकत बसायचं. पंधरा वर्षांचा मुलगा एवढा वेळ मान खाली घालून एकच स्वर ऐकत बसतो. दुसऱ्या कोणत्या कामाला तो असा बसतो ते आठवून पाहा.

मग अभंग सुरू होतो. बुवा सावकाश उचलतात, मागची माणसं ओळ घेतात, बुवा मध्येच लांब आलाप घेतात. तेवढा वेळ ठेका तसाच धरून ठेवायचा, ना पुढे ना मागे, आणि हातात येत असलेल्या सगळ्या करामती गिळायच्या. कारण आता जागा बुवांची आहे. गजराला लय चढू लागते, तेव्हाही किती चढवायची हे तो ठरवत नाही. बुवांच्या हाताकडे आणि झांजेकडे डोळा ठेवावा लागतो. घाई झाली की सगळ्या मंडळाची घाई होते. चूक झाली तर महिन्याने गुणपत्रिकेत कळते असं नाही. त्याच क्षणी झांजवाला म्हातारा मान वर करतो, आणि पुढच्या आवर्तनात ती सुधारायचीही असते, कारण भजन थांबत नाही. चुकणं आणि लगेच सावरणं याचा इतका सराव मुलांना शाळेत क्वचितच मिळतो. शाळेत चूक म्हणजे लाल शाई.

आणि त्या मंडळात बसतं कोण? गवंडी काम करणारा एक असेल, कदंब बसवर कंडक्टर असलेला एक, काजूची बागायत सांभाळणारे दोघे, निवृत्त मास्तर, सत्तरी ओलांडलेले बुवा. पंधराव्या वर्षी मुलाच्या आयुष्यात मोठी माणसं असतात ती आईबाप आणि शिक्षक, आणि दहावीच्या वर्षी ही सगळी एकच गोष्ट विचारतात. मंडळातली माणसं त्याला विचारतात, कणीक आणलीस काय रे? त्यांना त्याच्या ५२ गुणांशी कर्तव्य नाही, त्याच्या ठेक्याशी आहे. मुलाला आपल्या घराबाहेर, आपल्या मार्कांपलीकडे, मोठ्या माणसांत एक जागा असणं ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ती क्लासमध्ये पैसे भरून मिळत नाही. क्लासमध्ये तुमचा मुलगा गैरहजर राहिला तर फी जमा असते आणि क्लास चालतो. मंडळात तो आला नाही तर पखवाज गप्प राहतो.

सप्ताहात हे अगदी उघड दिसतं. वास्कोच्या दामोदर सप्ताहाला जशी चोवीस तास भजनाची साखळी तुटू द्यायची नसते, तसंच आपल्या लहान गावच्या सप्ताहातही. पाळ्या लावलेल्या असतात, एक मंडळ उठायच्या आधी दुसरं येऊन बसलेलं असावं लागतं. गावातल्या एका सप्ताहाला मी रात्री उशिरापर्यंत बसले होते. पाळीवर आलेल्या मंडळाचा पखवाज वाजवणारा मुलगा आठवी-नववीतला होता, डोळ्यांवर झोप होती, पण पुढची पाळी येईपर्यंत त्याने हात सोडला नाही. खाली उतरल्यावर कोणी त्याची पाठ थोपटली नाही, त्याला चहा दिला आणि जागा दिली. मोठ्यांना देतात तसा.

हे सांगताना केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर ही नावं घ्यायचा मोह आपल्याला गोव्यात होतोच. केरीच्या केसरबाईंचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेलं, याचा अभिमान मलाही आहे. पण कृपा करून यजमानांना पटवताना ही नावं घेऊ नका. लगेच प्रश्न येईल, हा काय तेवढा मोठा होणार आहे? बहुधा होणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. तो उद्या इंजिनियर होईल, पंचायतीत कारकून होईल, दुकान घालेल. संध्याकाळी देवळात जाऊन पखवाजावर बसेल. असं आयुष्य चांगलं आहे. त्याला कमी लेखू नका.

त्याच्या गप्प राहण्याबद्दल आता. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून हा हट्ट वाटत नाही. घर देवळापासून लांब नसेल तर बुधवारी-शनिवारी, किंवा तुमच्याकडे ज्या वारी तालीम असते त्या वारी, झांजेचा आवाज त्याच्या खोलीत येत असणार. आपल्या जागी कोण बसलंय, कसा वाजवतोय, की कोणीच नाही, हे तो ऐकत असणार. त्या वेळी मोबाईलमध्ये डोकं खुपसणं हे मला समजू शकतं. मोबाईलवर तुटून पडण्याआधी त्याला त्याची जागा परत द्या आणि दोन-तीन आठवडे पाहा. एक मात्र सांगते. पखवाज परत मिळूनही तो तसाच कोंडून राहिला, झोप किंवा जेवण बिघडलेलं दिसलं, मित्रांशीही बोलेनासा झाला, तर वाट पाहू नका. गोव्यातल्या बऱ्याच शाळांत समुपदेशक येतात. मुख्याध्यापकांना विचारा आणि भेट ठरवा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि दहावीच्या वर्षी तर अजिबातच नाही.

यजमानांशी बोलणं तुम्ही एकट्याने करू नका, आणि मुलाच्या वतीनेही करू नका. तिघं बसा. आधी बापाने आपली भीती सांगावी, हुकूम नव्हे. मग मुलाला सांगा, आठवड्याचं वेळापत्रक तू लिही, आम्ही वाचू. त्याने लिहिलेलं कच्चं असेल, अभ्यासाचे तास फुगवलेले असतील, तरी तिथल्या तिथे खोडू नका. दोन आठवडे त्याला तसं चालवून पाहू द्या. मग त्याचं त्यालाच कळेल की पहाटे पाचला उठून भूमिती होत नाही. तालमीच्या दोन्ही संध्याकाळी ठेवा, पण घरी यायची वेळ ठरलेली असू दे. सप्ताहात मध्यरात्रीची पाळी यंदा नको, संध्याकाळची घ्यावी. बुवांना तुम्ही दोघं जाऊन भेटा आणि हे स्पष्ट सांगा. भजनी मंडळांना दहावीच्या मुलांची सवय असते, ते सांभाळून घेतात. परीक्षेआधीचे दोन महिने आठवड्यातून एकच तालीम, आणि या काळात जागा सांभाळायला दुसऱ्या कोणा लहान मुलाला तुमच्या मुलानेच आतापासून तयार करावं. हे शेवटचं बुवांना जरूर सुचवा. आपल्याहून लहान कोणाला ठेका शिकवताना स्वतःचा ठेका जेवढा पक्का होतो तेवढा एरवी होत नाही, आणि मुलालाही वाटणार नाही की आपण गेलो की जागा गेली.

एक अट मात्र मी घालते. पहिल्या सत्रात गुण कमी आले तर शिक्षा म्हणून पखवाज काढून घ्यायचा नाही. गुण आले तर बक्षीस म्हणून दोन तालमी जास्त, असंही नाही. एकदा का पखवाज गुणांच्या बदल्यात द्यायची-घ्यायची वस्तू झाला की तो त्याचा राहत नाही, तुमचा होतो.

गणिताचं काय करायचं तेही सांगते, कारण ते टाळून हे उत्तर अर्धं राहील. नववीची उत्तरपत्रिका शाळेतून पाहायला मागा आणि गणिताच्या शिक्षकांसमोर बसून पाहा की गुण कुठे गेले. बीजगणितात गेले की भूमितीत, की येत असून आकडेमोडीत. ट्यूशनच्या गर्दीत हे कोणी बघत नाही, तिथे सगळ्यांना एकच धडा शिकवून पुढे जातात. बंद केलेल्या क्लासचे जे दहा तास मिळतील त्यातले पाच गणिताला द्या, रोज थोडे थोडे, आणि शक्य तर दुपारी जेवून थोडं पडल्यावर. आपल्याकडे शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटते, हा आपल्या मुलांचा मोठा फायदा आहे आणि आपण तो ट्यूशनच्या बसमध्ये घालवतो. वाळपईची चार दिवसांची ट्यूशन तीनवर आणता आली तर तेही विचारून पाहा. उरलेले पाच तास त्याच्या अंगाला द्या.

हो, अंगाला. पत्रात तुम्ही एवढ्या गोष्टी लिहिल्या, पण मुलगा कुठे धावतो-खेळतो याचा एक शब्द नाही. दहावी आली की पहिल्यांदा खेळ जातो आणि तो गेलेला घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. याच संघटनेने २०१६ पर्यंतची जगभरची आकडेवारी तपासून काढलं होतं की ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत. शेजारच्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळत असतील तर संध्याकाळी त्याला जाऊ द्या. फुटबॉल नको असेल तर सायकल, नदीकाठापर्यंत चालणं, काहीही. शाळेच्या संघातून तो अधिकृत स्पर्धा खेळत असेल तर गोवा बोर्ड खेळाडूंना देतं त्या क्रीडा गुणांबद्दल शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना विचारून ठेवा. तेवढ्यासाठी म्हणून मात्र त्याला आता कोणत्या खेळात ढकलू नका.

सर्टिफिकिटांचं तुम्ही लिहिलंय, त्यावर माझं मत ठाम आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. पुढे काही दिवसांनी वर्गात पेनं मोकळी ठेवली तेव्हा ही मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत बसली. आधी सांगून ठेवलेल्या बक्षिसाने त्यांची आवडच उतरवली. आपल्याकडे आवड उगवायच्या आधीच प्रशस्तिपत्राची तारीख ठरलेली असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत नसावी असं स्पष्ट म्हटलंय. चांगली गोष्ट आहे. पण ती भिंत शाळेने पाडली आणि घरांनी त्या जागी आणखी तीन क्लास बांधले, तर मुलाच्या वाट्याला काही मोकळी जागा आली नाही. तुमच्या मुलाला बुद्धिबळ खरंच आवडत असेल तर घरी पट आहेच, रविवारी बाबांनी त्याच्याशी एक डाव खेळावा. दोघांनाही बरं वाटेल.

आता धाकटी. सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या काळाचं आहे. त्यांनी लहानपणी घुमट पुरुषांच्याच हातात पाहिलं असेल, बायकांना फुगडी आणि धालोचा नाच. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आज गोव्यात मुलींची आणि बायकांची घुमट आरतीची पथकं आहेत, ती चवथीच्या दिवसांत स्पर्धांत उतरतात आणि तडाखेबंद वाजवतात. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, हेही सासूबाईंच्या कानावर घाला. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आणि आता बकरीचं कातडं चढवतात. म्हणजे घुमट बदललंय आणि तरी ते घुमटच आहे. वाजवणारे हात मुलीचे असले तर त्याला काय होणार आहे?

तिच्यासाठी एक-दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या वर्षी तिला स्पर्धेत उतरवू नका, शिकवणाऱ्याने गळ घातली तरी. घुमट मातीचं असतं, पडलं की फुटतं. एखादं फुटेल, तेव्हा ओरडू नका. घुमट मिळालं नाही तर कांसाळं, म्हणजे काशाच्या झांजा, हातात देतील, तेही घेऊ दे, ताल तिथेच आधी बसतो. घुमटाच्या साथीचा ढोल, शामेळ, कोण वाजवतंय याकडे तिचं लक्ष असू दे. आणि तीन महिन्यांनी तिने येऊन सांगितलं की मला नको, तर कारण विचारा, ऐकून घ्या, आणि सोडू द्या. चवथीच्या तालमी श्रावणातच सुरू होतात, तेव्हा वाड्यावर कोण शिकवतं याची चौकशी या आठवड्यातच करा. शिकवणाऱ्याकडे तिला पहिल्या दिवशी भावाबरोबर पाठवा. ठेका कशाला म्हणतात हे तिला वाटेत तोच सांगेल.